दाभोळ-धोपावे फेरी: बत्तीस वर्षं जहाजावर काढलेल्या माणसाचा अभिप्राय

मी गुहागर तालुक्यातला. १९८७ साली वायपर, म्हणजे इंजिन रूममधला साफसफाईवाला, म्हणून जहाजावर चढलो आणि २०१९ साली फिटर, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणारा, म्हणून उतरलो. इंजिन रूममधल्या माणसाला परदेश दिसतो तो चार-पाच तासांच्या सुट्टीत. त्या वेळात मी एक गोष्ट नेमाने करायचो. तिथली फेरी कुठून सुटते ते विचारायचो आणि जमलं तर एक चक्कर मारून यायचो. आता महिन्यातून तीन-चारदा आमच्या दाभोळ-धोपावे फेरीने जातो, कारण बायकोचं माहेर पलीकडे दाभोळात आहे. इतक्या वेळा बसल्यावर तिच्याविषयी नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

वाशिष्ठीच्या मुखावर ही फेरी २००३ पासून चालते. इकडे तिला सगळे जंगलजेटी म्हणतात. दापोलीहून गुहागरला खेड-चिपळूणवरून यायचं तर अंतर शंभर किलोमीटरच्या वर जातं. फेरीने तेच निम्म्याच्या आत येतं आणि पाण्यावरची वेळ दहा-पंधरा मिनिटांची. चालत जाणाऱ्याला तिकीट परवडतं. मोटारवाला पर्यटक, मच्छीची टोपली घेतलेली कोळीण, कॉलेजची मुलं, आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो, सगळे एकाच डेकवर.

गाड्या चढवण्याची शिस्त मला फार आवडते. रॅम्पवर उभा असलेला पोरगा नुसत्या हाताच्या इशाऱ्यावर टेम्पो असा लावून घेतो की शेजारच्या गाडीचं दार उघडायला जागा राहते. "काका, गिअरमध्ये टाका आणि हँडब्रेक ओढा," हे तो प्रत्येकाला सांगतो, अगदी रोज येणाऱ्यालाही. उतरताना म्हाताऱ्या बाईला "मामी, हात द्या" म्हणून आधार देतो. इंजिनाकडे माझं लक्ष जातंच. ठोका एकसारखा असतो आणि धूर काळा नसतो, म्हणजे डिझेल फवारणारे इंजेक्टर साफ ठेवलेले आहेत. अशा बोटीत मी डोळे मिटून बसतो.

नवीन माणसाने एक लक्षात ठेवावं. भरतीला रॅम्प जवळजवळ सपाट पडतो, पण अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला उतार चढा होतो आणि ओल्या दगडावर पाय सरकतो. त्या दिवसांत चपलेऐवजी बूट घाला. गणपतीत आणि नाताळच्या सुट्टीत गाड्यांची रांग लागते, तेव्हा तासभर हाताशी ठेवून निघा.

ही फेरी नव्हती तेव्हाचं सांगतो. १९९७ च्या श्रावणात माझी सासू वारली. पावसाळ्यामुळे लाँच बंद. सकाळी निरोप आला तेव्हा बायको धोपाव्याच्या धक्क्यावर जाऊन उभी राहिली. समोर माहेरची माडांची रांग दिसत होती. तिथून ती मागे फिरली. शृंगारतळी, चिपळूण, खेड, दापोली अशा गाड्या बदलत दाभोळला पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि सगळं आटोपलं होतं. मी तेव्हा ब्राझीलच्या सांतोस बंदरात साखर भरत होतो. मला तीन आठवड्यांनी पत्र मिळालं.

म्हणून देशांची तुलना निघाली की माझ्या डोळ्यांपुढे आधी धक्का येतो. अलीकडचा माणूस पलीकडे वेळेवर पोचतो का?

२०१६ साली नॉर्वेत होयांगेर नावाच्या लहान गावी आमच्या जहाजाने अॅल्युमिनाचा, म्हणजे अॅल्युमिनियम बनवायच्या पांढऱ्या भुकटीचा, माल उतरवला. माझा करार तिथेच संपला. एजंटाच्या गाडीतून बेर्गेनच्या विमानतळाकडे निघालो आणि वाटेत सोग्नेफ्योर्ड ओलांडायला लाविकहून ओप्पेडालची फेरी लागली. दोनशे किलोमीटरच्या वर आत घुसलेली ती खाडी, काही ठिकाणी १,३०० मीटर खोल. पूल बांधणं सोपं नाही, म्हणून फेरी हाच त्यांचा हमरस्ता. बोटीचं नाव 'अँपिअर'. २०१५ पासून चालणारी, गाड्या नेणारी जगातली पहिली पूर्ण विजेवरची फेरी. १२० मोटारी घेते आणि वीस मिनिटांत पलीकडे.

सुटली तेव्हा मला कळलंच नाही. मी कठड्यावर तळहात ठेवून उभा होतो. एकोणतीस वर्षं ज्या थरथरीवर माझं पोट भरलं ती हाताला लागेना. बोट मात्र चालत होती. एजंट म्हणाला, दोन्ही काठांवरच्या गावांची वीजवाहिनी एवढा भार एकदम पेलण्यासारखी नव्हती, म्हणून काठांवरही मोठ्या बॅटऱ्या बसवल्या; त्या सावकाश भरतात आणि बोट लागली की तिला झटकन देतात. हे ऐकून मला आमचं घर आठवलं. आमच्याच तालुक्यात वेलदूरजवळ एवढा मोठा वीज प्रकल्प उभा, १९९९ साली सुरू झाला, २००१ साली बंद पडला, २००६ साली पुन्हा सुरू झाला, आणि त्या सगळ्या काळात भारनियमनाच्या वेळी आम्ही कंदिलाची काच पुसत होतो. नॉर्वेतल्या त्या खेड्याची तारही कमकुवतच होती. तरी तिथे खेड्याच्या तारेला झेपेल अशी बोट कुणीतरी विचार करून बांधली.

पैशाचा फरक तर प्रचंड आहे. माणशी उत्पन्न तिकडे वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे, आपल्याकडे अडीच हजार डॉलरच्या आसपास. पण त्या बोटीवर एका कॉफीला मी सुमारे दोनशे रुपये दिले, तेव्हा नुसत्या डॉलरने मोजून भागत नाही. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी १९९० साली मानव विकास निर्देशांक आणला तो याच अडचणीतून. माणूस किती जगतो, मुलं किती शिकतात आणि उत्पन्नात प्रत्यक्ष किती खरेदी होते, हे तिन्ही त्यात धरतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालात नॉर्वे दुसऱ्या क्रमांकावर आहे, श्रीलंका ८९ व्या आणि भारत १३० व्या. बांगलादेशही १३० व्याच. बांगलादेशातल्या चितगाव बंदराबाहेर जहाज नांगरून आठवडेच्या आठवडे पडून राहिलेल्या मला हे वाचून नवल वाटलं नाही. त्या लोकांची धडपड मी जवळून पाहिली आहे.

नॉर्वे काही आधीपासून श्रीमंत नव्हता. १८२५ नंतरच्या शंभर वर्षांत आठ लाखांच्या वर माणसं तिथून पोटासाठी अमेरिकेला गेली, जशी आपल्याकडची मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेली. तेल सापडलं ते १९६९ साली, आणि त्याचा पैसा पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवायचा कायदा त्यांनी १९९० साली केला.

आणखी एक फेरी सांगतो, न्यूयॉर्कची स्टेटन आयलंडची. १९९७ पासून तिचं तिकीटच नाही आणि ती रात्रभर चालते. पहाटे तीन वाजता तिच्यावर मी झाडूवाले, नर्सेस, हॉटेलातली पोरं झोपलेली पाहिली. जिथे डॉक्टरचं बिल ऐकून आमचा कॅप्टनही हबकायचा, त्याच देशात पाणी ओलांडणं फुकट. एकाच देशात दोन्ही दिसतं, म्हणून "अमेरिका पुढे" असं एका वाक्यात मला म्हणवत नाही.

आपल्या फेरीला मी पाचपैकी साडेचार देतो. अर्धा राखून ठेवतो तो रात्रीसाठी. रात्री उशिरा फेरी नसते आणि त्यात चालवणाऱ्यांचा दोष नाही. दोन माणसांसाठी डिझेल जाळणं कुणाला परवडेल? पण अडलेली बाई किंवा छातीत कळ आलेला माणूस असेल तर एक बोट रात्रीही तयार असावी आणि तिचा खर्च सरकारने उचलावा. नॉर्वेत खाडीवरची बोट रस्त्याच्या हिशेबात धरतात. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या पुलांची आपण कधीपासून वाट पाहतो आहोत. पूल होईल तेव्हा होईल, तोवर आपला रस्ता ही बोटच आहे.

गेल्या आठवड्यात मेहुण्याकडे सत्यनारायण होता. सकाळी निघालो, प्रसाद घेतला आणि दुपारी चहाला घरी परत. वरच्या बाकांवर वारा छान लागतो, मी तिथे बसतो. बायको बसत नाही. जाताना ती गाड्यांच्या मधून पुढे जाते आणि दाभोळच्या बाजूचा रॅम्प खाली टेकेपर्यंत तिथेच उभी राहते.