नवी पेठेतला जिन्याखालचा मोबाईलवाला

माझं काम शाळेच्या युनिफॉर्मचं. सोलापुरात अशोक चौकाच्या मागं सहा मशिनी, ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर. मे-जूनमध्ये जेवायला उसंत नसते आणि नेमका तेव्हाच जुना फोन हँग व्हायला लागला. भाच्यानं दिवाळीला अमेरिकेतून येताना त्याचा आयफोन 13 आणून दिला होता, तो कपाटातून काढला. सिम घातलं तर ‘सिम नॉट सपोर्टेड’.

एका दुकानात (नाव घेत नाही) पोरानं 1800 रुपये घेतले आणि सिमखाली कागदासारखी पातळ चिप सरकवली. ‘झालं की ओ अनलॉक!’ अकरा दिवस फोन लागले. मग अपडेट आलं आणि रेंज गुल. परत गेले तर उलट मलाच, ‘अपडेट कुणी करायला सांगितलं?’

नवी पेठेतलं हे दुकान शेजारच्या कापडवाल्यानं दाखवलं. जिन्याखाली, एक टेबल, एक पंखा, पाटीवर नुसतं ‘मोबाईल रिपेरिंग’. गिऱ्हाइकाला बसायला जागा नाही. त्यानं पिन घालून ट्रे ओढला, चिप नखावर घेतली आणि हसला. ‘अक्का, हे अनलॉक न्हवं. फोनला फसवलंय.’ म्हणजे सिम दुसऱ्या मोबाईल कंपनीचं असलं तरी ते फोन देणाऱ्या कंपनीचंच आहे असं ती चिप फोनला भासवते. माझ्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्या शाळेच्या पोराला आपला बिल्ला लावून आत सोडायचं. हजेरी झाली की सापडतंच.

मग सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं करत खाली नेऊन ‘कॅरियर लॉक’ची ओळ दाखवली (कॅरियर म्हणजे सिमची कंपनी). तिथं स्पष्ट ‘सिम लॉक्ड’ होतं. हे मला आधी कुणी दाखवलं असतं तर 1800 वाचले असते. तिकडं अमेरिकेत सिमच्या कंपन्याच फोन हप्त्यावर देतात आणि हप्ते फिटेपर्यंत बऱ्याचदा त्याच कंपनीचं सिम चालतं. आपण सुटा फोन घेऊन वाटेल ते सिम घालणारी माणसं, आपल्याला ही भानगड माहीतच नाही. (2017 चा जिओफोन तेवढा आपल्याकडं जिओशिवाय चालायचा नाही.) हे कुलूप उघडायचं काम तिथल्या कंपनीचं, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख नंबर देऊन. तिकडं 2014 मध्ये गिऱ्हाइकाच्या बाजूनं कायदाही झालाय. ‘माझ्याच्यानं होत नाही, भाच्याला फोन लावा,’ म्हणाला. समोर आलेलं गिऱ्हाईक असं हातानं सोडणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदा बघितला.

भाच्याचे दोन हप्ते राहिले होते! ‘मावशी, विसरलोच गं.’ त्यानं ते भरले, ऑनलाइन अर्ज केला, तिसऱ्या दिवशी होकार आला. दुकानातल्या वायफायवर फोन बंद-चालू केला आणि त्याच ओळीत ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ आलं. याचे पैसे? एक रुपया नाही.

300 घेतले ते व्हॉट्सॲप हलवायचे. नशीब, ते मी जुन्यावरच ठेवलं होतं. आयफोन पूर्ण रिसेट करून ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपनं जुन्या अँड्रॉइडवरच्या गप्पा आणि मापांचे फोटो आणले. दीड तास लागला, मी पायरीवर बसून दोन डझन काजं संपवली. ट्रेमध्ये सिम एकच मावतं म्हणून धंद्याचा नंबर ई-सिमवर (कार्ड नसलेलं, फोनच्या आतलंच सिम) टाकायला लावला. आता घरचा आणि धंद्याचा एकाच फोनवर.

फोन कसा आहे? मापाच्या चिठ्ठीचा फोटो काढला की त्यातले इंग्रजी आकडे बोट दाबून उचलता येतात, हे मला कॅमेऱ्यापेक्षा जास्त आवडलं. पण उन्हात तापतो. 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं कंपनीच सांगते, आणि सोलापुरात तेवढं तर मार्चमध्येच होतं.

दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं, आणि हे पाटीवर लिहिलेलं नाही. मी एकदा हेलपाटा घातला. स्क्रीनवर ग्लास बसवायचं काम मात्र संध्याकाळच्या गर्दीत देऊ नका. 150 दिले, डाव्या कोपऱ्यातला बुडबुडा अजून तसाच आहे.