ब्राउझर बंद झाला की फोल्डर साफ: बॅच फाइल घ्यावी की पॉवरशेल?

गावातल्या सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर, ग्राहकांच्या फाइलींच्या फोल्डरात, संध्याकाळपर्यंत काय काय साचतं, ते केंद्र चालवणाऱ्याला सांगायला नको. कोणाचा सातबारा, कोणाचं पासबुक, कोणाच्या पोरीच्या स्कॉलरशिपसाठी स्कॅन केलेली टीसी. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे इंग्रजीतल्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. दोन्ही त्याच फोल्डरमधल्या टीसीवर छापलेले असतात. म्हणून ब्राउझर बंद झाला की हा फोल्डर आपोआप रिकामा व्हायलाच हवा.

जुन्या फाइली आपोआप काढणारं विंडोजचं स्टोरेज सेन्स इथं कामाचं नाही. डाउनलोड्ससाठी त्याची कमीत कमी मुदत एक दिवसाची आहे, आणि ब्राउझर बंद झाल्याचं त्याला काही कळत नाही. ठरल्या वेळी किंवा ठरल्या घटनेवर काम चालवणाऱ्या टास्क शेड्युलरला 4689 क्रमांकाच्या इव्हेंटवर, म्हणजे प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) संपल्याच्या नोंदीवर, काम लावता येतं. पण क्रोम एका वेळी बऱ्याच प्रोसेस चालवतो, त्यामुळे नुसता एक टॅब बंद केला तरी सफाई सुरू होते. राहिले दोन पर्याय: बॅच फाइल आणि पॉवरशेल, म्हणजे विंडोजला ओळीनं आदेश देणारी फाइल (स्क्रिप्ट) लिहायच्या दोन पद्धती.

बॅच फाइल तीन-चार ओळींत होते. 'स्टार्ट /वेट'नं ब्राउझर उघडायचा, तो बंद होईपर्यंत फाइल थांबते, मग फाइली काढणारं 'डेल' चालतं. 'स्टार्ट'नंतर रिकामं दुहेरी अवतरण द्यायला विसरू नका; नाहीतर अवतरणात दिलेला ब्राउझरचा पत्ता, म्हणजे तो मशीनवर कुठं आहे ते, विंडोचं नाव समजला जातो आणि नुसती काळी विंडो उघडून बसते. 'डेल' आतले फोल्डर काढत नाही, त्यासाठी 'फॉर /डी'सोबत 'आरडी /एस /क्यू' लावावं लागतं. सगळ्यात धोक्याची सवय म्हणजे आधी 'सीडी'नं फोल्डरात जायचं आणि मग 'डेल' चालवायचं. फोल्डर डी ड्राइव्हवर असेल आणि तो मिळाला नाही तर 'सीडी' फसतं, पण पुढची ओळ चालतेच, आणि बॅच फाइल डेस्कटॉपवर असेल तर डेस्कटॉपच्या फाइली जातात. 'डेल'नं गेलेलं रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. 'डेल'पुढेच फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहा.

माझं मन बॅचवरून उडालं ते दुसऱ्या क्लिकमुळे. जुलैत पीक विम्याची गर्दी असते, समोर दहा जण उभे, आणि काउंटरवरचा पोरगा तेच आयकॉन पुन्हा दाबतो. क्रोम आधीच चालू असेल तर नवी प्रोसेस आपलं काम जुन्या प्रोसेसकडे सोपवून लगेच संपते. 'वेट'ला वाटतं ब्राउझर बंद झाला. पहिली विंडो समोर उघडी असताना फोल्डर साफ होतो, आणि अपलोड करायला घेतलेला सातबारा 'फाइल सापडत नाही' म्हणतो. फाइल बॅचनं काढली हे कुठंच दिसत नाही, त्यामुळे दोष जातो पोर्टलला किंवा नेटला.

यावर बॅचमध्येही इलाज आहे. चालू प्रोसेसची यादी देणाऱ्या 'टास्कलिस्ट'मध्ये क्रोमचं नाव दिसतं का, ते दर पाच सेकंदांनी तपासायचं. पण ग्राहकानं आत्ता दिलेली फाइल उडू नये म्हणून मला फाइल किती जुनी आहे तेही बघायला हवं असतं, आणि बॅचमधलं 'फोरफाइल्स' दिवसांतच मोजतं. अर्धा तास त्याला समजत नाही. इथं पॉवरशेलचं पारडं जड होतं, निदान माझ्यापुरतं तरी.

पॉवरशेलमध्ये 'गेट-प्रोसेस'नं क्रोम नावाची एकही प्रोसेस उरली नाही असं दिसेपर्यंत थांबायचं, वर दहा सेकंद जाऊ द्यायचे, पुन्हा बघायचं, आणि मग अर्ध्या तासापेक्षा जुन्या फाइली 'रिमूव्ह-आयटम'नं काढायच्या. आयकॉन दोनदा दाबलं तरी दोन्ही स्क्रिप्ट शेवटची विंडो मिटेपर्यंत थांबतात. वय मोजायला 'क्रिएशनटाइम' (फाइल इथं तयार झाल्याची वेळ) घ्या, 'लास्टराइटटाइम' (शेवटच्या बदलाची वेळ) नको. पेनड्राइव्हवरून कॉपी केलेल्या फाइलची बदलाची तारीख जुनीच राहते, म्हणून ग्राहकानं आत्ता दिलेली फाइलही वर्षभर जुनी ठरून उडते.

पॉवरशेलची कटकट सुरुवातीला जास्त आहे, हे मान्य. घरगुती विंडोजवर स्क्रिप्ट चालवायला मुळातच मनाई असते, आणि डबल क्लिक केलं तर ती नोटपॅडमध्ये उघडते. शॉर्टकटमध्ये 'एक्झिक्युशनपॉलिसी बायपास' आणि 'फाइल' हे दोन्ही लिहावे लागतात. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा. स्क्रिप्टमधलं मराठी नाव, फाइल बीओएमसह (सुरुवातीला अक्षरांची पद्धत सांगणारी खूण) यूटीएफ-8 मध्ये सेव्ह केली नसेल तर, विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलला नीट वाचता येत नाही. क्रोमच्या सिस्टिम सेटिंगमधला 'बंद केल्यावरही बॅकग्राउंड अ‍ॅप्स चालू ठेवा' हा पर्याय बंद करा, एज वापरत असाल तर त्याला आधीपासून तयार ठेवणारा स्टार्टअप बूस्टही. नाहीतर ब्राउझर मिटला तरी प्रोसेस जिवंत राहते आणि सफाईची पाळीच येत नाही.

मग लाइनचं काय? इन्व्हर्टर बसला आणि मशीन धाडकन बंद पडलं तर दोन्ही पर्याय सारखेच लंगडे, कारण बंद होण्याची वाट बघणारी स्क्रिप्टच मेलेली असते. म्हणून टास्क शेड्युलरमध्ये लॉगिनच्या वेळी चालणारं एक वेगळं काम ठेवा, ते वयाची अट न लावता फोल्डर पूर्ण रिकामा करेल. आदल्या संध्याकाळची शेवटच्या अर्ध्या तासातली कागदपत्रंही त्यातच जातात.

एकच माणूस बसतो, एकच आयकॉन आहे, आणि दिवसाकाठी चार-पाच ग्राहक येतात, अशा ठिकाणी बॅच फाइल पुरेल असं मला वाटतं. तिची दुरुस्ती कोणालाही जमते. काउंटरवर हात बदलत असतील तर मात्र पॉवरशेलच बघा. त्यात 'व्हॉटइफ' जोडलं की काहीही न काढता काय काय निघालं असतं, तेवढी यादी दिसते. दोन दिवस तसंच चालवा, यादीत ग्राहकांच्या फोल्डरबाहेरची एकही फाइल नाही हे बघा, आणि मगच तो शब्द काढा.