परसातल्या कोंबड्यांची पुस्तिका

धुळ्याच्या स्टँडजवळ परसातल्या कुक्कुटपालनावरची ही छोटी पुस्तिका घेतली. शिरपूरला उतरेपर्यंत मागच्या अंगणात खुराडं कुठे बसेल, हे मनात ठरूनही गेलं होतं! अंडी 21 दिवस उबवायची, पिल्लांना सुरुवातीला बल्बची ऊब द्यायची, पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या रोगासाठी लासोटा लस द्यायची. सगळं घरच्या माणसाने समजावावं तसं लिहिलंय.

उन्हाळ्यावर मात्र चारच ओळी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44 वर जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. ओलं गोणपाट, निंबाची सावली, मातीच्या परळात गार पाणी, हे आईनेच सांगितलं. तरी पुस्तिका जरूर घ्या. माळ्यावरचं डालगं धुऊन ठेवलंय, चार गावरान तलंगा (तरण्या कोंबड्या) सांगितल्यात.