व्हेंटॉयचा लाइव्ह पेनड्राइव्ह: काही महिने वापरल्यानंतर

६४ जीबीचा यूएसबी ३ पेनड्राइव्ह, त्यावर व्हेंटॉय (एकाच ड्राइव्हवरून अनेक सिस्टिम सुरू करून देणारं साधन) आणि आत उबंटू, डेबियन व विंडोज ११ च्या आयएसओ, म्हणजे सिस्टिमच्या इमेज फाइली. बंद पडलेलं मशीन उघडून डेटा काढायला यापेक्षा सोयीचं काही नाही. रोजचं काम मात्र यावर करू नये. का, ते पुढे येतंच.

डीडीने (ड्राइव्हवर थेट लिहिणारी लिनक्सची कमांड) आयएसओ लिहिली की अख्खा ड्राइव्ह त्या एकाच सिस्टिमचा होतो आणि उरलेली जागा वाया जाते. व्हेंटॉय बसवताना एकदाच ड्राइव्ह पुसला जातो. मग दोन पार्टिशनं दिसतात: एक मोठं एक्सफॅटचं (ड्राइव्हवर फाइली मांडायची एक पद्धत), दुसरं ३२ एमबीचं बूटसाठी. पुढे आयएसओ नुसती कॉपी करायची. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, एक्सफॅटला ती अडचण नाही. व्हेंटॉय अपडेट केलं तरी आयएसओ जागच्या जागी राहतात.

कॉपी संपली असं दिसलं तरी डेटा बराच वेळ कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरता रॅममध्ये असतो. इजेक्ट न करता ड्राइव्ह ओढला की मेनू नीट येतो, पण सिस्टिम अर्ध्यात स्क्वॅशएफएसच्या (आयएसओमधली दाबून ठेवलेली फाइलसिस्टिम) एरर देत अडकते. चेकसमही (फाइल बिनचूक आहे का ते सांगणारा आकडा) कॉपी झाल्याझाल्या तपासू नका, तो कॅशमधूनच वाचला जाऊ शकतो. ड्राइव्ह काढून परत लावा आणि मग तपासा, किंवा व्हेंटॉयच्या मेनूतच ‘एम’ दाबून तपासा.

आता पर्सिस्टन्स, म्हणजे केलेले बदल टिकवणं. व्हेंटॉयच्या स्क्रिप्टने एक इमेज फाइल तयार करायची आणि व्हेंटॉयच्या सेटिंगच्या जेसन फाइलमध्ये ती आयएसओला जोडायची. उबंटूसाठी त्या इमेजला ‘कॅस्पर-आरडब्ल्यू’ लेबल लागतं. डेबियनला ‘पर्सिस्टन्स’ लेबल, शिवाय आत एक कॉन्फ फाइल. ती विसरली तर काहीच टिकत नाही आणि एररही येत नाही. ४ जीबी लवकर भरते, ८ ठेवा. मूळ सिस्टिम रीड-ओन्ली असल्यामुळे अपडेट केलेलं प्रत्येक पॅकेज वरच्या थरात, म्हणजे या इमेज फाइलमध्ये, नव्याने जागा खातं. कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट करणं तर वायाच, कारण बूट होतो तो आयएसओमधलाच. सरसकट अपग्रेड टाळा, हवी तेवढीच पॅकेजं घ्या. खरा त्रास वेगाचा: साधे पेनड्राइव्ह छोट्या छोट्या फाइली लिहिताना रडतात, ब्राउझर उघडला की सगळं गोठतं. ब्राउझरची कॅश रॅममध्ये वळवली की बरंच सुसह्य होतं. रोज वापरायचंच असेल तर यूएसबी एसएसडीवर पूर्ण इन्स्टॉल करा.

सिक्युअर बूट (फक्त सही केलेली सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर पहिल्या वेळी निळा स्क्रीन येतो. तिथे व्हेंटॉयची की (डिजिटल किल्ली) एनरोल करायची, म्हणजे नोंदवायची, दर मशीनवर एकदा. सिक्युअर बूट बंद करणार असाल तर आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर विंडोज दारातच अडवेल. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता पुढच्या वेळी लवकर सुरू होण्याची सोय) चालू असेल तर लिनक्समधून विंडोजची डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. विंडोज सुरू होत असेल तर शिफ्ट दाबून शटडाउन करा. एनव्हिडिया कार्डवर स्क्रीन काळा पडला तर बूटच्या वेळी ‘नोमोडसेट’ हा पर्याय जोडा.

आणि आतली डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये इंटेल व्हीएमडी किंवा आरएसटी (डिस्क हाताळायचे इंटेलचे मोड) चालू आहे का पाहा. ते बंद केल्यावर डिस्क दिसते, पण विंडोज बूट होणार नाही. काम झालं की सेटिंग पूर्ववत करा.