मोतीबिंदू, दोन्ही डोळे, सात महिन्यांनंतर : ऑपरेशन झकास, थेंबांनी मात्र जीव खाल्ला

परवा फ्रिज पुसताना दाराच्या कप्प्यात डोळ्याच्या थेंबांच्या तीन अर्धवट बाटल्या सापडल्या आणि डोकं परत फिरलं, म्हणून लिहायला बसलो. उजवा डोळा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाला, डावा फेब्रुवारीत, आता जुलै चाललाय. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, सोलापूर केवढंसं गाव आणि मला अजून तपासणीला तिथंच जायचंय.

ऑपरेशन फेकोचं, म्हणजे बारीक छेदातनं मोतीबिंदू फोडून ओढून काढायचा आणि त्या जागी लेन्स बसवायची. मी साधी मोनोफोकल घेतली, नुसतं लांबचं दिसणारी, भारतीय कंपनीची, एका डोळ्याचं पॅकेज २२ हजार. मल्टिफोकल साठच्या पुढं होती, जवळचा चष्मा पण जाईल म्हणे. मी ३५ वर्षं चाटी गल्लीत कापड दुकानात काढली, गिऱ्हाइकापुढं महागाचं ठाण आधी कसं टाकायचं हे मला कुणी शिकवू नये. शेजारच्यांनी मल्टिफोकल बसवली, त्यांना रात्री समोरच्या गाडीच्या लाइटभोवती कडी दिसतात, अक्कलकोट रोडला रात्री गाडी चालवायचं त्यांनी सोडलं. मला पेपर वाचायला अडीचचा चष्मा लागतो, तो नव्या पेठेत दोनशेला मिळाला. बास की.

ऑपरेशनबद्दल तक्रार शून्य. सकाळी साडेसातला बोलावलं, आम्ही सात जण एका बाकावर, प्रत्येकाच्या कपाळावर ज्या बाजूचा डोळा त्या बाजूला चिकटपट्टी. एक सिस्टर ओळीनं बाहुली मोठी करायचे थेंब टाकत जाणार, शेवटाला पोचली की परत पहिल्यापासून. आत एकाचं चालू असताना बाहेर दुसऱ्याचा डोळा धुऊन तयार, डॉक्टरला खुर्चीतून उठायची गरज नाही. सुरुवातीला मला हे आवडलं नव्हतं, माणसं आहेत का गिरणीतली पोती असं वाटलं. डॉक्टर मदुराईला शिकून आलेत, त्यांनीच सांगितलं की तिथं अरविंद हॉस्पिटल आहे, डॉ. वेंकटस्वामी म्हणून होते, सरकारी नोकरीतनं रिटायर झाल्यावर १९७६ ला ११ खाटांवर सुरू केलं, संधिवातानं बोटं वाकडी झालेली तरी हजारो डोळे केले. तिथं दोन टेबलं शेजारी शेजारी, एकाचं झालं की मायक्रोस्कोप फिरवून दुसऱ्यावर. डॉक्टरनं फक्त डॉक्टरचंच काम करायचं, मोजमाप, थेंब, समजावणं हे सगळं ट्रेनिंग दिलेल्या मुली करणार. १९९२ ला त्यांनी लेन्सचा कारखाना पण काढला आणि लेन्सचे भाव कोसळले. दुकानदाराच्या डोक्याला हे लगेच पटतं.

माझं पंधरा मिनिटांत उरकलं. बिलाच्या खिडकीवर पाऊण तास गेला ते वेगळं. आमच्या वडिलांचं झालं तेव्हा कितीतरी दिवस हलू दिलं नव्हतं आणि नंतर जन्मभर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. मेहुणे अजून म्हणतात मोतीबिंदू पिकू द्यायचा, थंडीतच काढायचा. डॉक्टर म्हणाले, काका, तो आंबा नाही, पिकून टणक झाला की आम्हालाच फोडायला त्रास.

आता मुद्द्यावर येतो, थेंब.

घरी सोडताना दोन बाटल्या हातात दिल्या. एक अँटिबायोटिक, दोन आठवडे. दुसरी स्टेरॉइडची, सूज उतरवायची, पहिला आठवडा दिवसातनं सहा वेळा, दुसरा पाच, असं उतरत सहाव्या आठवड्यात एकदा. सिस्टरनं हे सगळं एका दमात सांगितलं, गाडी सुटायच्या आधी फलाटावरचा स्पीकर सांगतो तसं, आणि पुढच्याला हाक मारली. मी घरी येऊन हिशोब मांडला. सहा साते बेचाळीस, पाच साते पस्तीस, अठ्ठावीस, एकवीस, चौदा, सात, मिळून १४७ थेंब. पाच मिलीच्या बाटलीत साधारण शंभर निघतात. म्हणजे एक पुरत नाही आणि दोन संपत नाहीत! वर बाटली फोडली की महिन्यानं टाकून द्या. ही मेडिकलवाल्यांची मिलीभगत आहे अशी माझी खात्री झाली आणि भेटेल त्याला मी तेच सांगत सुटलो.

त्यात पहिले चार दिवस निम्मे थेंब गालावर. आमच्या मंडळींचा हात थरथरतो, बाटली जवळ आली की माझा डोळा आपोआप मिटतो. मोबाइलवर सहा अलार्म. भाकरी तव्यावर असताना अलार्म झाला की त्या पिठाच्या हातानं यायच्या, मग हात धुवा म्हणून मी ओरडणार, पाणी चार दिवसांनी येतं तुम्हाला माहितीये ना म्हणून त्या ओरडणार.

आठव्या-नवव्या दिवशी डोळा लाल, उजेड सहन होईना. दवाखान्यात गेलो, डॉक्टरनी मशीनवर बघितलं, आत सूज आहे म्हणाले, थेंब टाकता ना? म्हटलं घड्याळ लावून टाकतो. मग त्यांनी विचारलं, बाटली हलवून टाकता ना?

हलवून?

खिशातनं बाटली काढून त्यांनी उजेडात धरली. तळाला खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर. औषध विरघळलेलं नसतं म्हणे, नुसतं तरंगत असतं आणि ठेवलं की खाली बसतं. म्हणजे आठवडाभर मी वरचं पाणी डोळ्यात घालत होतो. लेबलवर लिहिलंय काका, डॉक्टर म्हणाले. होय, लिहिलंय, शेक वेल बिफोर यूज, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, आणि ते वाचायचं कुणी, तर ज्याला दिसत नाही म्हणून ज्याचं ऑपरेशन केलं त्यानं. डोळ्याची लांबी तुम्ही काट्यावर मोजता, एक मिलिमीटर चुकलं तर अडीच नंबरचा फरक पडतो म्हणून दोनदोनदा मोजता, आणि दाराबाहेर पडल्यावर सहा आठवड्यांचं काम अलार्मच्या आणि पिठाच्या हाताच्या भरवशावर सोडता, हे कसलं मॅनेजमेंट? असं मी काउंटरवर बरंच मोठ्यानं बोललो. बाकावरची माणसं आपापल्या बाटल्या काढून बघायला लागली. त्यातल्या तिघांना माहीतच नव्हतं.

हलवून टाकायला लागल्यावर चार दिवसांत डोळा पांढराफट्ट. आणि मग खरी मजा. गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेला, गेलो होतो, काळा चष्मा लावून, लांब उभा राहून. नंदीध्वजाच्या उंच काठ्या आल्या तेव्हा दोन मिनिटं चष्मा काढला. उजव्या डोळ्यानं काठ्या धरणाऱ्यांच्या अंगातली पांढरी बाराबंदी बघितली तर नीळ दिलेली, कडक, निळसर पांढरी. डावा उघडून उजवा झाकला तर तीच बाराबंदी चहा सांडून वाळल्यासारखी. उजवा, डावा, उजवा, मी खेळत बसलो. आणि पोटात धस्स झालं, की दुकानातली शेवटची पाच-सहा वर्षं मी पांढरा म्हणून कुठला रंग लोकांना विकला? एक गिऱ्हाईक लग्नाचं धोतर परत घेऊन आलं होतं, पिवळट आहे म्हणून. त्याला मी बोललो होतो.

दुसरा डोळा डॉक्टर तीन आठवड्यांनी करू म्हणत होते. मीच म्हटलं गड्डा होऊ द्या. मग फेब्रुवारी उजाडला, आणि उजव्या डोळ्याची दुसरी बाटली मी जपून ठेवली होती, निम्मी भरलेली. ती खिशात घालून गेलो आणि म्हटलं स्टेरॉइडची बाटली नको, माझ्याकडं आहे. काउंटरवरची मुलगी ऐकेना, मीही ऐकेना. वाद शंभर-सव्वाशे रुपयांचा. शेवटी डॉक्टर आले, बाटलीचं टोक दाखवलं, त्यावर पापणीचा केस चिकटलेला. म्हणाले, हे टोक पापणीला लागलंय, फोडून महिना उलटलाय, ताज्या ऑपरेशनच्या डोळ्यात ह्यातला जंतू गेला तर क्वचित होतं पण झालं तर डोळा जातो. आणि बाटली सरळ कचऱ्याच्या डब्यात. मी गप्प. मिलीभगतीचं जे गावभर सांगितलं होतं ते मागं घेतो. मोठी बाटली दिली असती तरी महिन्यानं टाकावीच लागली असती, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

पण ह्या वेळी सिस्टरनं शेजारी बसवून शिकवलं, मंडळींना पण. खालची पापणी ओढून खिसा करायचा, वर बघायचं, एकच थेंब, कारण दुसरा मावतच नाही, बाहेर सांडतो. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबायचा, नाहीतर औषध घशात उतरून कडू लागतं. दोन औषधांत पाच मिनिटं. हे डिसेंबरात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि दोन्ही खोक्यांवर मार्करनं मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दिलं, एकावर ‘जंतू’, दुसऱ्यावर ‘हलवा’. मंडळी म्हणाल्या, संक्रांत होऊन गेली की वो सिस्टर. सिस्टरला आधी कळेना, मग तिघंही हसलो.

डावा डोळा एकदाही लाल झाला नाही. मे महिन्याच्या उन्हात दोन्ही डोळ्यांनी फिरलो.

पाचपैकी गुण द्यायचे तर लेन्सला पाच, डॉक्टरला पाच, बिलाच्या खिडकीला दोन. लेबलवाल्यांना काहीच नाही. फ्रिजमधल्या बाटल्यांपैकी ‘हलवा’वाली काल मी वाटीत पिळली, नुसतं मोजायला. हलवून पिळली. ४१ थेंब निघाले. मंडळींनी वाटी बेसिनमध्ये उपडी केली आणि म्हणाल्या, आता ती वाटी दोनदा घासा, तुम्हीच.