स्वीडनचा बँकआयडी: मिळेपर्यंतचे हाल आणि मिळाल्यानंतरची चैन

आधी निकाल सांगते, कारण घाईतले लोक तेवढंच वाचतात. बँकआयडी हातात आला की त्याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही. तो हातात येईपर्यंत मात्र स्वीडनमध्ये तुम्ही असून नसल्यासारखे. मी गोथेनबर्गला आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे, डिपेंडंट परमिटवर. त्यामुळे हा अनुभव पगाराची स्लिप खिशात असलेल्या माणसाचा नाही, त्याच्या बायकोचा आहे. फरक पडतो, आणि चांगलाच पडतो.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बँकआयडी म्हणजे फोनमधलं एक ॲप आणि तुम्ही ठरवलेला सहा आकडी कोड. इथल्या बँकांनी मिळून काढलेल्या कंपनीची ही व्यवस्था, २००३ पासून चालू आहे. सरकारी नाही, तरी सरकारी खात्यांच्या साइटवर याच चावीने शिरायचं. इन्कम टॅक्स, दवाखान्याची अपॉइंटमेंट, पाळणाघराचा नंबर लावणं, घराचा भाडेकरार, पोस्टातलं पार्सल, काही सोसायट्यांत तर कपडे धुण्याच्या खोलीची वेळसुद्धा. एक कोटीच्या जरा वर लोकसंख्या, त्यात ८५ लाखांहून जास्त लोक हे वापरतात. तुमच्याकडे तो नाही, ही शक्यताच समोरच्याच्या डोक्यात नसते.

आता मेख. बँकआयडी देते बँक. बँक खातं उघडायला मागते आयडी कार्ड. आयडी कार्डासाठी लागतो पर्सनूमर, म्हणजे इथला प्रत्येकाचा ओळख क्रमांक. आणि पर्सनूमर मिळतो तो स्काटेव्हर्केट, म्हणजे टॅक्स खात्याकडे, तुम्ही देशात किमान वर्षभर राहणार असाल तर. परमिट त्याहून कमी मुदतीचं असेल तर वेगळा नंबर देतात, त्यात जन्मतारखेच्या दिवसात ६० मिळवलेले असतात. पाच तारखेचा जन्म असेल तर ६५! त्या नंबरावर बँकआयडीची आशा फारशी धरू नका.

पर्सनूमर म्हणजे जन्मतारीख आणि पुढे चार आकडे. त्यातला शेवटून दुसरा आकडा बायकांचा सम, पुरुषांचा विषम. आपल्याकडे आधारची झेरॉक्स देतानासुद्धा पहिले आठ आकडे झाकायला सांगतात, आणि इथे लोक फार्मसीच्या काउंटरवर सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात पर्सनूमर म्हणतात. पहिल्यांदा मला ते ऐकून कसंसंच झालं. नंतर कळलं, इथे हा नंबर गुपित मानतच नाहीत. नंबर म्हणजे नुसती ओळख. पुरावा तो बँकआयडी.

आयडी कार्डाची फी ४०० क्रोनर. स्वतःला जावं लागतं, वेळ घेऊन. तिथेच फोटो काढतात, सही घेतात आणि चक्क उंची मोजतात, कारण ती कार्डावर छापलेली असते. शाळेत वजन-उंची तपासणीला उभं राहावं तशी मी पट्टीखाली उभी राहिले. पुढची माहिती पत्राने घरी येते, आणि इथे नवीन माणसं हमखास अडकतात. पोस्टमन टपाल टाकतो ते दारावरचं नाव बघून. तुम्ही कुणाच्या घरात सबलेटवर असाल आणि दारावर तुमचं आडनाव नसेल, तर पत्र परत जातं. येण्याच्या पहिल्याच दिवशी दाराला नावाची चिठ्ठी चिकटवा. घरमालकाला बरं वाटो न वाटो.

नावाचाही एक घोळ आपल्या लोकांचा खास. माझ्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात माझं नाव आणि नवऱ्याचं नाव असं दोन्ही आहे, लग्नानंतर बदललेल्या बहुतेकींचं असतं तसं. इथल्या नोंदीत ती दोन्ही माझीच नावं झाली. दवाखान्यात नर्सने दाराशी येऊन नवऱ्याच्या नावाने हाक मारली आणि मी ढिम्म बसून राहिले. दोन नावांपैकी हाक मारायचं कोणतं, हे टॅक्स खात्याला कळवता येतं. ते वेळेत करून टाका. पण परमिट, टॅक्स खातं आणि बँक या तिन्हीकडे पूर्ण नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने राहू द्या. कुठेतरी एक नाव गाळलं की ॲप पुढे सरकत नाही आणि का सरकत नाही ते कुणी सांगत नाही.

नवऱ्याचं सगळं पटापट झालं. कंपनीचं पत्र, पगार, बँकेत खातं, बँकआयडी. माझ्या वेळी त्याच रस्त्यावरच्या एका बँकेत काउंटरवरच्या मुलीने फार गोड हसून विचारलं, पैसे कुठून येणार? नवऱ्याकडून. किती? दर महिन्याला? भारतात पाठवणार का? मनी लाँडरिंगच्या कायद्यामुळे हे प्रश्न विचारावेच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटी उत्तर आलं, पगार सुरू झाला की या. नोकरीच्या अर्जासाठी बँकआयडी हवा आणि बँकआयडीसाठी नोकरी, असं ते झांगडगुत्तं. इथे एक माहिती फार कामाची. युरोपियन युनियनच्या नियमानुसार कायदेशीर रहिवाशाला साधं पेमेंट खातं मागायचा हक्क आहे आणि बँकेने नकार दिला तर तो लेखी द्यावा लागतो. मी दुसऱ्या बँकेत गेले तेव्हा विवाहाचं प्रमाणपत्र, नवऱ्याची पगाराची स्लिप आणि हे वाक्य, तिन्ही बरोबर नेलं. वाक्य वापरायची गरज पडली नाही, पण बरोबर असलेलं बरं. आणि खातं मिळालं म्हणजे बँकआयडी मिळालाच असं नाही, तो वेगळा मागा, त्याच भेटीत.

मधल्या काळात फ्रेया नावाचं दुसरं ॲप आहे, त्याला बँक लागत नाही आणि बऱ्याच सरकारी साइटवर ते चालतं. स्विश, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायचं इथलं ॲप, मात्र त्यावर चालत नाही. आणि स्विश नसलेल्या माणसाची काय गत होते ते मंडळाच्या गणपतीत कळतं. वर्गणी स्विश, जेवणाचं कूपन स्विश, मुलांच्या नाचाच्या ड्रेसचे पैसे स्विश. मी प्रत्येक वेळी नवऱ्याला हाक मारून बोलावत होते. पुण्यात स्वतःची पगाराची नोकरी असलेल्या बाईला हे किती टोचतं ते ज्याला टोचलंय त्यालाच कळेल.

आता मिळाल्यानंतरचं. दवाखान्याची ११७७ ही साइट उघडली तर माझे रिपोर्ट, डॉक्टरांनी लिहिलेले शेरे, औषधांची चिठ्ठी सगळं समोर. मुलगी तापाने घरी होती तेव्हा रजेच्या भरपाईचा अर्ज नवऱ्याने सोफ्यावर बसून, तिला मांडीवर घेऊन केला. टॅक्स रिटर्नचे आकडे खात्याने आधीच भरलेले असतात. तुम्ही वाचायचं, पटलं तर कोड टाकून सही. सीए नाही, फॉर्म सोळा नाही. मी सही केल्यावर दोन मिनिटं तशीच बघत बसले, अजून काहीतरी राहिलंय असं वाटून.

कॉम्प्युटरवर लॉगिन करताना पडद्यावर क्यूआर कोड येतो आणि तो सारखा बदलत राहतो. फोनने तो स्कॅन करायचा. म्हणजे कुणी लांबून तुमच्या नावाने लॉगिन सुरू करून तुमच्याकडून कोड टाकून घेऊ शकत नाही, निदान सहजासहजी नाही. तरी फसवणूक होते, आणि पद्धत आपल्या ओळखीची आहे. बँकेतून बोलतोय, तुमच्या खात्यात गडबड दिसतेय, जरा बँकआयडी उघडा. आपल्याकडे ओटीपी सांगू नका म्हणतात, तेच इथे. ॲप दर वेळी दाखवतं की कोण विचारतंय आणि तुम्ही नुसतं लॉगिन करताय की सही करताय. ही ओळ वाचल्याशिवाय कोड टाकायचा नाही, हे मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय.

आधारशी तुलना होतेच. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आधार आधी मिळतं आणि बँक त्यावर खातं उघडते, म्हणजे पगार नसलेल्या बाईची अडवणूक तिथे होत नाही. त्या बाबतीत आपली पद्धत मला सरळ वाटते, इथल्या लोकांना हे सांगितलं की ते आश्चर्याने बघतात. पण ओटीपीचं घोडं अडतं. आधारचा ओटीपी भारतातल्या नंबरावर येतो, म्हणून ते सिम रिचार्ज करत, रोमिंग चालू ठेवत सांभाळायचं. ते बंद पडलं तर नंबर बदलायला बरीच वर्षं केंद्रावरच जावं लागायचं, म्हणजे आधी विमानाचं तिकीट. बँकआयडी सिमला बांधलेला नाही. नाशिकला माहेरी, आईच्या वायफायवर, मी गोथेनबर्गच्या घराचं वीजबिल भरलं आणि पाळणाघराचा फॉर्म सही केला.

उणीव एकच, पण मोठी. सगळं फोनवर आणि फोन गेला तर सगळंच गेलं. नवीन फोनवर बँकआयडी घ्यायला बँकेने दिलेलं कॅल्क्युलेटरसारखं छोटं यंत्र लागतं, निदान माझ्या बँकेत तरी. ते सापडेना म्हणून नवऱ्याने अख्खं कपाट उपसलं होतं. जुन्या टॅबवर दुसरा बँकआयडी टाकून ठेवता येतो, तो टाका. आणि भारतात सुट्टीला जाताना ते यंत्र सामानात घ्या, चेक-इनच्या बॅगेत नाही, हातातल्या.