पेट्रापोल की सोनौली? बॉर्डरचं भाडं घेण्याआधी

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला की तासगाव-कवठेमहांकाळच्या गाडीवाल्यांत हा विषय निघतोच. बॉर्डरला गाडी लावायची तर पेट्रापोलवरून बांगलादेशला की सोनौलीवरून नेपाळला? मी दोन्ही लाइनी चालवल्यात, सध्या एकच चालवतो. ज्याची स्वतःची दहाचाकी आहे आणि स्टिअरिंगवरही स्वतःच बसतो, त्याच्यासाठी हे लिहितोय. चार ड्रायव्हर ठेवून गाड्या पळवणाऱ्याचा हिशेब वेगळा असू शकतो.

भाड्याकडं बघितलं तर बांगलादेश उजवा. द्राक्ष आणि हळद, दोन्हीला तिकडं मोठं गिऱ्हाईक. रस्ताही सरळ: सोलापूर, नागपूर, रायपूर, खरगपूर, आणि बारासातवरून जेसोर रोडनं बनगाव, म्हणजे पेट्रापोलच्या अलीकडचं गाव. रिटर्नची चिंता तर जवळजवळ नाहीच. कोलकात्यात नाही जमलं तर रायपूरला लोखंड भरायचं आणि घरचा रस्ता धरायचा. नेपाळहून परतताना सोनौली ओलांडली की निदान कानपूरपर्यंत रिकामी गाडी ओढायची तयारी ठेवावी. ते डिझेल आधीच हिशेबात धरा, नाहीतर खेप अंगावर येते.

नेपाळचा रस्ताही गोड नाही. बुटवल ते नारायणगढ रुंदीकरणाला काढलाय, त्याला वर्षं झाली. मधल्या दाउन्नेच्या चढावर पावसात एक गाडी रुतली की दोन्हीकडं रांग लागते. पुढं मुगलिंगपर्यंत एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नदी. जुलै 2024 मध्ये याच पट्ट्यात सिमलतालजवळ दरड आली आणि दोन प्रवासी बस त्रिशूली नदीत गेल्या. कुंभार्ली घाट डोळे झाकून उतरवणाराही तिथं गिअर जपून टाकतो.

एवढं असून मी नेपाळ धरलं ते एका गोष्टीपायी.

पेट्रापोलहून आपली गाडी बांगलादेशात फिरत नाही. कार पासवर, म्हणजे कस्टमच्या तात्पुरत्या परवान्यावर, सीमा ओलांडायची, पलीकडच्या बेनापोलच्या यार्डात उभी करायची, तिथं माल उतरतो नाहीतर थेट त्यांच्या गाडीत भरला जातो. आपण रिकामे परत. ऐकायला झकास. पण माल कधी उतरणार ते आपल्या हातात नाही. समोरच्या आयातदाराचा कागद पुरा झाला पाहिजे, हमालांची टोळी मिळाली पाहिजे, त्याची गाडी आली पाहिजे. आणि तोवर आपल्याला फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही.

एका खेपेला माझी हळद अशीच अडकली. आत गेलो गुरुवारी संध्याकाळी, शुक्रवार त्यांचा सुट्टीचा, आणि शनिवारी कळलं की आयातदाराच्या कागदात खोट निघालीय. स्टोव्ह टूलबॉक्समध्ये होता, पण आत पेटवायची मनाई. शेजारी सगळ्या मालानं भरलेल्या गाड्या, तेव्हा ते बरोबरच म्हणा. क्लीनर आणि मी, घरून आणलेला चिवडा संपेपर्यंत चिवडा, मग बिस्किटं. पोती सारखी करून ताडपत्री आवळण्याचा उद्योग किती वेळा करणार? बाहेर आल्यावर हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे, मागितले तर ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, पुढच्या खेपेत बघू. गाडी थांबते याचं ड्रायव्हरला काही वाटत नाही, आपला जन्मच त्यात गेलाय. पण थांबायचं आणि उतरून चहा प्यायलाही जायचं नाही, हे मला काही झेपलं नाही.

निष्पक्षपणे सांगायचं तर सीमेची आपल्याकडची बाजू सुधारलीय. पूर्वी बनगावच्या पार्किंगमध्ये गाड्या आठवडेच्या आठवडे पडून असायच्या. 2022 पासून बंगाल सरकारच्या सुविधा पोर्टलवर आधी स्लॉट घेता येतो, त्यानं तो ताप बराच उतरला. शिवाय द्राक्षासारख्या नाशवंत मालाला पुढं काढतात. पलीकडचा फाटकाचा प्रश्न मात्र तसाच.

नेपाळात थांबावं लागत नाही असं नाही. नौतनव्यापासून सोनौलीपर्यंत गाड्यांची शेपटी असते, भन्सारला, म्हणजे नेपाळच्या कस्टमला, कागद फिरतात, शनिवार सुट्टीत जातो. पण त्यानंतर माल पोचवायचा तो आपणच, थेट काठमांडूच्या कालीमाटी बाजारापर्यंत. दाउन्नेला रात्र गेली तरी उतरून डाळ-भात मिळतो, गल्ल्यावर हिंदी चालते, आपल्या शंभराचे एकशे साठ धरतात. दोन गोष्टी निघण्याआधी उरकून घ्या. विम्यात नेपाळसाठी जिऑग्राफिकल एक्स्टेन्शन, म्हणजे सीमेपलीकडंही विमा चालेल अशी जोड, टाकून घ्या, आपली पॉलिसी तशी सीमेपर्यंतच. आणि पलीकडं गेल्याबरोबर तिथलं सिमकार्ड घ्या, नाहीतर एजंट तुम्हाला शोधतोय आणि तुम्ही एजंटला.

राजकारणाचा भरवसा दोन्हीकडं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्यात सरकार पडलं तेव्हा पेट्रापोलला काही दिवस सगळं ठप्प होतं. नेपाळची 2015 ची नाकाबंदी तर महिनोन्‌महिने चालली, आणि सप्टेंबर 2025 मध्ये काठमांडू पेटलं तेव्हाही गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. यावरून लाइन ठरवू नये असं मला वाटतं.

गाडी नवी असेल आणि हप्ता डोक्यावर असेल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्ष घेऊन पेट्रापोल करा. नाशवंत म्हणून लवकर सुटाल आणि लोखंड घेऊन परत याल. बेदाणा असेल तर माझं मत सोनौलीकडं. दसऱ्याच्या आधी तिकडं दशैंची, म्हणजे त्यांच्या दसऱ्याच्या सणाची, खरेदी असते, माल कोल्ड स्टोरेजमधून निघालेला असतो, दोन दिवस इकडंतिकडं झाले तरी काही बिघडत नाही. फक्त आषाढ-श्रावणात कुणी नेपाळचं भाडं वाढवून देत असेल तर ते का वाढवलंय हे आधी विचारा. त्या दोन महिन्यांत मी गाडी नागपूरच्या पुढं सोडत नाही.